एबू व्हेलची लाईन: गाडी बंद झाली, रूळ राहिले

प्रश्न असा आहे: ‘नोकरीमुळे नुकताच वेल्समध्ये न्यूपोर्टला राहायला आलो. इथून एबू व्हेलला जाणारी गाडी तब्बल 46 वर्षं बंद होती आणि 2008 ला पुन्हा सुरू झाली असं कळलं. इतकी वर्षं बंद पडलेली लाईन परत चालू होतेच कशी? आणि तसं असेल तर शेजारच्या अ‍ॅबरटिलेरीची का झाली नाही?’

माझी नोकरी ट्रॅकवरची. आधी आपल्याकडे, मग ब्रिटनमध्ये. रूळ, खडी, मोऱ्या, भराव यांतच आयुष्य गेलं. त्यामुळे उत्तरही तसंच, जमिनीच्या पातळीवरून देतो.

पहिली दुरुस्ती तुमच्या प्रश्नातच करावी लागेल. एबू व्हेलची लाईन 46 वर्षं बंद नव्हती. बंद होती ती पॅसेंजर गाडी. लाईन त्यातली 40 वर्षं चालू होती, कारण तिच्या टोकाला पोलादाचा कारखाना होता. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं निम्मं उत्तर या एका वाक्यात आहे.

एबू नदीच्या दरीतून न्यूपोर्टकडे उतरणारी ही लाईन मन्मथशायर रेल्वे अँड कॅनाल कंपनीची. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला या दऱ्यांमध्ये घोड्यांनी ओढायच्या ट्रामवाटा होत्या, कोळसा आणि लोखंड बंदरावर न्यायला. त्यांचीच पुढे रेल्वे झाली. माणसांची ने-आण 1850 नंतर नीट सुरू झाली, तीही जोडधंदा म्हणून. पैसा होता मालात. न्यूपोर्टच्या वेशीवर ट्रेडेगर पार्कमधून जाणारा साधारण मैलभराचा तुकडा जमीनदार सर चार्ल्स मॉर्गन यांच्या मालकीचा होता आणि तिथून जाणाऱ्या प्रत्येक टनावर ते टोल घ्यायचे. लोक त्याला ‘सोन्याचा मैल’ म्हणायचे. आजही तुमची गाडी त्याच परिसरातून वळण घेऊन मेन लाईनला लागते.

आता बंद होण्याची गोष्ट. ब्रिटनमधली कुठलीही बंद लाईन म्हटली की लोक बीचिंगचं नाव घेतात. तोट्यातल्या लाईन बंद करा असं सांगणारा डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला मार्च 1963 मध्ये. एबू व्हेलची पॅसेंजर सेवा बंद झाली 30 एप्रिल 1962 पासून, म्हणजे अहवालाच्या जवळजवळ 11 महिने आधी. तोवर बीचिंग तेव्हा रेल्वे चालवणाऱ्या ब्रिटिश ट्रान्सपोर्ट कमिशनचे अध्यक्ष झाले होते हे खरं, पण दऱ्यांमधली छाटणी त्यांच्याही आधीपासून सुरू होती. एबू व्हेल गावाला डोंगराच्या वरच्या अंगाने येणारी एक वेगळी शाखा होती. तिची पॅसेंजर 1951 लाच गेली. अ‍ॅबरगॅव्हेनीहून मर्थरला दऱ्यांच्या माथ्यावरून जाणारी लाईन जानेवारी 1958 मध्ये गेली.

कारण कागदावर एकच असतं: उतारू नाहीत. ते खोटं नव्हतं. या दऱ्या अरुंद आहेत. तळाला नदी, नदीला खेटून रूळ, आणि घरांच्या रांगा उतारावर एकावर एक. स्टेशन खाली, घर वर. बस मात्र घरांच्या रांगेसमोरून जायची, गाडीपेक्षा जास्त वेळा जायची आणि उतारूला बाजारात नेऊन सोडायची. पावसात, हातात पिशव्या घेऊन स्टेशनपासून घरापर्यंतचा तो चढ कोण चढणार?

पण हिशोबाची एक बाजू तेव्हा कोणी फारशी पाहिली नाही. मालगाड्या राहणारच असतील तर पॅसेंजर बंद करून वाचतं काय? स्टेशन मास्तर, बुकिंग क्लार्क, हमाल, काही सिग्नलमन, डबे आणि त्यांची देखभाल. रूळ, पूल, मोऱ्या, भराव यांचा खर्च तसाच राहतो, फक्त तो सगळा मालगाडीच्या खात्यावर जातो. शाखेच्या हिशोबात पॅसेंजरच्या माथी ट्रॅकचा मोठा वाटा मारून मग ‘बघा, तोटा’ म्हणायचं, ही युक्ती मी नंतर दुसऱ्या ठिकाणीही पाहिली आहे, आणि ती फक्त ब्रिटिशांची नाही. शिवाय शाखेवरून येऊन मेन लाईनने लंडनला गेलेल्या माणसाचं तिकीट कुणाच्या खात्यात धरायचं, हा वादाचा मुद्दा असतोच. तरी मला विचाराल तर 1962 चा निर्णय त्या दिवशीच्या आकड्यांवर अगदीच वेडगळ नव्हता. चूक झाली ती पुढच्या चाळीस वर्षांचा अंदाज करण्यात, आणि ती सगळ्यांचीच झाली.

30 एप्रिलच्या त्या सोमवारी फक्त एबू व्हेलचीच गाडी बंद झाली नाही. अ‍ॅबरबीग नावाच्या जागी दरी दोन फाट्यांत फुटते. डावीकडे एबू व्हेल, उजवीकडे अ‍ॅबरटिलेरी आणि पुढे ब्रिनमॉर. दोन्हीकडची पॅसेंजर एकाच दिवशी संपली. म्हणजे शर्यत एकाच रेषेवरून सुरू झाली असं समजा.

डावीकडच्या फाट्याला पोलाद होतं. एबू व्हेलचा कारखाना 1930 च्या दशकात रिचर्ड थॉमस कंपनीने नव्याने उभारला. पोलादाचा पत्रा सलग लाटणारी मोठी गिरणी, युरोपात त्या जातीची पहिली. दरीच्या टोकाला, समुद्रापासून लांब असा कारखाना उभारायची जागा तंत्रज्ञाने कधी निवडली नसती, पण गावात भयंकर बेकारी होती म्हणून तो तिथे झाला. याचा परिणाम असा की लोहखनिज न्यूपोर्टच्या बंदरावर उतरवायचं आणि चढावर गाड्यांनी वर आणायचं. ब्रिटिश रेल्वेची 9एफ ही अवजड वाफेची इंजिनं 1954 मध्ये पहिल्यांदा मिळाली ती न्यूपोर्टच्या एबू जंक्शन शेडला, याच कामासाठी. असली वाहतूक असलेल्या लाईनचे रूळ कोण उखडणार?

पुढे 1970 च्या दशकात तिथलं लोखंड गाळणं आणि पोलाद बनवणं थांबलं. त्यानंतरही कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा बनत राहिला, आणि त्यासाठी पोलादाच्या गुंडाळ्या रेल्वेनेच वर येत राहिल्या. दरीतली शेवटची खोल खाण, क्वम गावची मरीन कोलिअरी, 1989 मध्ये बंद झाली. कारखाना पूर्ण बंद झाला तो जुलै 2002 मध्ये. तेव्हा मालक कोरस कंपनी होती, जी पुढे 2007 मध्ये टाटा स्टीलने विकत घेतली. मराठी वाचकाला या गोष्टीत ओळखीचं नाव भेटतं ते एवढंच, आणि तेही कारखाना संपल्यावर.

उजवीकडच्या फाट्याला फक्त कोळसा होता. अ‍ॅबरबीग आणि अ‍ॅबरटिलेरीच्या मध्ये सिक्स बेल्सची खाण. जून 1960 मध्ये तिथे स्फोट होऊन 45 माणसं गेली होती. ती खाण 1988 मध्ये बंद झाली. खाणी संपल्या तशी मालगाडी संपली, मालगाडी संपली तसे रूळ उचलले गेले, आणि रूळ उचलल्यावर तो सपाट पट्टा कुणाच्याही डोळ्यांत भरतो. अरुंद दरीत सपाट जमीन म्हणजे सोनं. रस्ता रुंद करायचा? ती जागा आहे. सायकलवाट? तीच जागा. आज त्या पट्ट्याचा बराचसा भाग असाच व्यापला गेला आहे. अ‍ॅबरटिलेरीला गाडी न्यायचे प्रस्ताव अधूनमधून येतात, निवडणुकीच्या सुमारास जरा जास्तच येतात. अंतर तसं किरकोळ, अ‍ॅबरबीगपासून दोन मैलांच्या आसपास. पण तिथे पुन्हा रूळ टाकणं म्हणजे नवी लाईन बांधणं, आणि एबू व्हेलला झालं ते जुन्या लाईनची डागडुजी. दोन्हींचा खर्च एका तागडीत तोलता येत नाही.

लाईन कायमची जाण्याची याहून कठोर गोष्ट तुम्हाला गाडीतूनच दिसेल. क्रम्लिन गावी दरीच्या आरपार एक लोखंडी पूल होता, 1857 मध्ये खुला झालेला, सुमारे 200 फूट उंच. पाँटीपूलकडून पश्चिमेला जाणारी दुसरी लाईन त्यावरून तुमच्या लाईनच्या डोक्यावरून जायची. ब्रिटनमधला सर्वांत उंच रेल्वे पूल तो. जून 1964 मध्ये त्याची पॅसेंजर बंद झाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पूल उतरवून भंगारात गेला. पाडापाडीच्या आधी सोफिया लॉरेन आणि ग्रेगरी पेक तिथे एका चित्रपटाच्या शूटिंगला येऊन गेले, हाच काय तो निरोप समारंभ. असा पूल गेला की ती लाईन कायमची गेली. पुन्हा बांधायचे पैसे कुणीही देत नाही.

आमच्या धंद्यात म्हणून आम्ही बंद लाईनकडे पाहताना ‘गाडी शेवटची कधी धावली’ हे आधी विचारत नाही. विचारतो: जमीन कुणाची? पूल आहेत का? पट्ट्यावर कुणाचं घर, गोदाम, सर्व्हिस रोड बसलंय का? कायद्याने ती अजून रेल्वे आहे का? एबू व्हेलला 2002 नंतर गाडी नव्हती, पण चारही प्रश्नांची उत्तरं बरोबर होती. कारखाना बंद पडून सहा वर्षंसुद्धा व्हायच्या आत पॅसेंजर सुरू झाली. आणखी पंधरा वर्षं गेली असती तर, मला वाटतं, तुम्ही आज हा प्रश्न विचारलाच नसता.

शेजारचे दाखलेही हेच सांगतात. अ‍ॅबरडेअरची पॅसेंजर 1964 ला गेली, 1988 ला परत आली. मधल्या काळात हिरवाउनजवळच्या टॉवर खाणीचा कोळसा त्याच रुळांवरून जात होता. माइस्टेगची 1970 ला गेली, 1992 ला आली; तिथेही कोळसा. किनाऱ्याजवळची व्हेल ऑफ ग्लॅमॉर्गन लाईन 1964 ला गेली, 2005 ला आली. तीवर वीजकेंद्राचा कोळसा आणि फोर्डच्या कारखान्याचा माल. ज्यांना माल होता त्या परत आल्या. ज्यांना नव्हता त्यांच्या सायकलवाटा झाल्या.

अ‍ॅबरडेअरच्या काळात आणखी एक अडचण होती, ती सांगण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये पॅसेंजर सेवा एकदा सुरू केली की ती बंद करायला मोठी कायदेशीर प्रक्रिया लागायची: हरकती, सुनावणी, मंत्र्याचा निर्णय. त्यामुळे ब्रिटिश रेल्वे प्रयोग म्हणूनसुद्धा काही सुरू करायला घाबरायची. नाही चालली तर गळ्यात पडेल ना! टोनी स्पेलर नावाच्या खासदाराने 1981 मध्ये कायद्यात छोटी दुरुस्ती करून घेतली: प्रायोगिक सेवा त्या लांबलचक प्रक्रियेविना बंद करता येईल. गंमत बघा, बंद करणं सोपं झालं म्हणून सुरू करणं सोपं झालं. 1980 च्या दशकात परत आलेल्या कितीतरी सेवांमागे ही एवढीशी दुरुस्ती आहे.

आता ट्रॅकवर येऊ. ‘रूळ तर होतेच, मग डबा जोडला की झालं’ असं लोकांना वाटतं. मालगाडीची लाईन आणि पॅसेंजरची लाईन यांत जे अंतर आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

सांधा घ्या, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा. आपल्याकडे पूर्वी त्यासाठी सांधेवाला असायचा. गाडी सांध्याच्या जिभेकडे तोंड करून येत असेल आणि ती जीभ बोटभर जरी उघडी राहिली, तर पुढचं चाक एका लाईनवर आणि मागचं दुसऱ्या लाईनवर. म्हणून पॅसेंजरच्या वाटेवर अशा सांध्याला कुलूप लागतं: जीभ पूर्ण मिटून कुलूप पडल्याशिवाय सिग्नल उतरतच नाही. जून 1889 मध्ये आयर्लंडमध्ये आर्मा इथे सहलीच्या गाडीचा भीषण अपघात झाला, सुमारे 80 माणसं गेली, आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला: पॅसेंजर चालवायची तर ब्लॉक पद्धत (लाईनच्या एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी), सिग्नल-सांध्यांची परस्पर जखडणी आणि सगळ्या डब्यांना लागणारा ब्रेक सक्तीचा. मालगाडीला यातल्या बऱ्याच गोष्टींची सूट राहिली. मग चाळीस वर्षं फक्त माल चालवणाऱ्या लाईनवर कुणी कशाला महाग कुलपं सांभाळत बसेल? ती हळूहळू निघून जातात. पॅसेंजर परत आणायची म्हणजे सिग्नलिंग जवळजवळ नव्याने करायचं.

दुसरं, मोऱ्या. माझ्या दृष्टीने ही दऱ्यांतल्या लाईनची खरी दुखरी नस. डोंगरउतारावरून येणारं प्रत्येक ओहोळाचं पाणी रुळाखालून नदीत जायला मोरी लागते. ब्रिटनमधल्याच दुसऱ्या एका बंद शाखेवर आम्ही पाहणीला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. नकाशात एका भरावाखाली दगडी कमानीची मोरी दाखवलेली. जागेवर जाऊन पाहिलं तर वरच्या बाजूला मोरीचं तोंडच सापडेना. काटेरी झुडपं तोडली, चिखल उपसला, तेव्हा दोन फूट गाळाखाली कमानीचा वरचा दगड हाताला लागला. पाणी मग जात कुठे होतं? भरावातून झिरपत. खालच्या उताराला हात लावला तर माती ओल्या भाकरीच्या पिठासारखी. वरून ट्रॅक अगदी सरळ दिसत होता, गंज सोडला तर काही खोट नव्हती. त्या एका मोरीमुळे आमचं वेळापत्रक पुरतं कोलमडलं, आणि अंदाजपत्रक करणाऱ्या साहेबांनी मात्र जागा न पाहताच तिथे एक आकडा लिहून ठेवला होता. दक्षिण वेल्समध्ये पाऊस आपल्या सह्याद्रीसारखा कोसळत नाही, पण थांबतही नाही. तो भिजवत राहतो, आणि भरावाला तेच वाईट.

तिसरं, प्लॅटफॉर्म. जुनी स्टेशनं केव्हाच पाडलेली होती, त्यामुळे सगळी नवी. इथे दरीचा उतार आडवा येतो. स्टेशनात गाडी उभी करायची तिथे लाईन जवळजवळ सपाट हवी, नाहीतर ब्रेक सुटल्यावर गाडी आपोआप चालायला लागेल. भारतीय रेल्वेत यार्डासाठी 1:400 (म्हणजे 400 मीटर अंतरात 1 मीटर चढ) ही उताराची मर्यादा आणि 1:1200 ची शिफारस आहे. ब्रिटनमध्ये नव्या प्लॅटफॉर्मला 1:500 पाहतात आणि त्याहून तीव्र असेल तर धोक्याचं वेगळं मूल्यमापन करून परवानगी काढतात. सतत चढणाऱ्या दरीत अशी जागा शोधायची, ती वस्तीजवळ हवी, मोटारी लावायला जागा हवी, व्हीलचेअरला रॅम्प हवा. नव्या स्टेशनांची जागा जुन्यांपेक्षा इकडेतिकडे का सरकली याचं कारण अनेकदा हे असतं.

बुधवार, 6 फेब्रुवारी 2008 रोजी एबू व्हेल पार्कवे ते वेल्सची राजधानी कार्डिफ अशी तासाला एक गाडी सुरू झाली. खर्च साधारण 3 कोटी पौंड. सुरुवातीला रॉजरस्टोन, रिस्का-पाँटीमिस्टर, न्यूब्रिज ही स्टेशनं, मग त्याच वर्षी एप्रिलमध्ये लॅनहिलेथ आणि जूनमध्ये क्रॉसकीज. अपेक्षेपेक्षा गर्दी इतकी झाली की सकाळच्या गाड्यांना डबे कमी पडायला लागले. उतारूंचे अंदाज अशा प्रकल्पांत बहुतेक वेळा कमीच निघतात. का? अंदाजाचं गणित आज गाडीने जाणाऱ्यांवरून मांडतात, आणि इथे आज गाडीच नसते. जो माणूस नोकरी लांब आहे म्हणून अर्जच करत नाही, तो कुठल्याच सर्वेक्षणात सापडत नाही.

त्या यशात दोन खोचा होत्या.

पहिली: पार्कवे स्टेशन गावात नव्हतं. ते गावाच्या दक्षिणेला, दीड-दोन मैल अलीकडे. तिथपर्यंत लाईन धड होती, पार्किंगला जागा होती, त्यामुळे स्वस्त पडलं. पण ज्या गावात मोटार नसलेली घरं भरपूर, तिथे मोटारीने येणाऱ्यांसाठी स्टेशन बांधणं म्हणजे उलटाच न्याय. गावातलं स्टेशन, एबू व्हेल टाउन, मे 2015 मध्ये आलं, आणखी 1 कोटी 15 लाख पौंड घालून. ते उभं आहे जुन्या पोलाद कारखान्याच्या जागेवर, दरीच्या तळाला. बाजार अजून वरच. 1962 मध्ये बसने ज्या चढावर रेल्वेला हरवलं तोच चढ! त्यावर तोडगा म्हणून उतारावरून सरकणारी एक लिफ्ट बसवली. ती वारंवार बंद पडायची.

दुसरी खोच तुमच्या दाराशी आहे. ही गाडी न्यूपोर्टला जात नव्हती. 1962 पर्यंत ती न्यूपोर्टचीच गाडी होती. पार्क जंक्शनला लाईन फुटते, एक फाटा कार्डिफकडे, एक न्यूपोर्टकडे. 2008 मध्ये फक्त कार्डिफचा फाटा वापरला. रॉजरस्टोन आणि 2014 च्या डिसेंबरात झालेलं पाय कॉर्नर ही दोन्ही स्टेशनं न्यूपोर्ट शहराच्याच हद्दीत, आणि तिथला माणूस गाडीने न्यूपोर्टला जाऊ शकत नव्हता. आधी कार्डिफला जा, मग उलटा ये. लोक अर्थातच बसने जायचे.

हे मूर्खपणाने झालं नव्हतं. इथे सिंगल लाईनचं गणित येतं. कोकण रेल्वेने गणपतीला गेलेल्यांना ‘क्रॉसिंगला थांबली’ म्हणजे काय हे सांगायला नको. 2008 मध्ये पैसे वाचवायला लाईनचा वरचा भाग सिंगल ठेवला आणि क्रॉसिंगची सोय खाली, क्रॉसकीजच्या परिसरात. आकडे समजण्यापुरते धरू: सिंगल तुकडा चढायला 20 मिनिटं, टोकाला ड्रायव्हरने या टोकाची केबिन बंद करून त्या टोकाला जाऊन गाडी तयार करायला 8, उतरायला 20. झाली 48. तेवढा वेळ दुसरी गाडी त्या तुकड्यात घालता येत नाही. तासाला एक गाडी बसते आणि 12 मिनिटं उशिरासाठी उरतात. दुसरी बसवायची असेल तर सिंगल तुकडा 10 मिनिटांच्या आसपास आणावा लागतो: 10 अधिक 8 अधिक 10, म्हणजे 28. अर्ध्या तासात जेमतेम. म्हणजे तासाला एकच गाडी शक्य असताना ती कार्डिफला न्यायची की न्यूपोर्टला, एवढीच निवड होती. शिवाय न्यूपोर्टकडच्या मेन लाईनवर आणि स्टेशनात तिला जागा करून द्यायची, हा वेगळा झगडा.

म्हणून मग क्रॉसकीज ते अ‍ॅबरबीग असे सुमारे 7 मैल पुन्हा डबल केले, न्यूब्रिज आणि लॅनहिलेथला दुसरे प्लॅटफॉर्म बांधले. आधी डिसेंबर 2021 मध्ये क्रॉसकीज ते न्यूपोर्ट अशी गाडी सुरू झाली, आणि 1 फेब्रुवारी 2024 पासून एबू व्हेल ते न्यूपोर्ट दर तासाला. यासाठी लंडनच्या सरकारने वेल्सच्या सरकारला 7 कोटी पौंडांचं कर्ज दिलं. कर्ज का, अनुदान का नाही, ही कटकट अशी: कार्डिफच्या वरच्या इतर दऱ्यांतले रूळ 2020 मध्ये वेल्सच्या ताब्यात आले, पण एबू व्हेलची लाईन त्यात नाही. ती लंडनच्या सरकारी रूळ-कंपनीची, नेटवर्क रेलचीच. गाडी वेल्सची, रूळ लंडनचे.

हे आकडे शेजारी ठेवून बघा. अख्खी लाईन उघडायला 3 कोटी, आणि पुढे तासाला दुसरी गाडी चालवता यावी म्हणून 7 कोटी. मधल्या वर्षांतली महागाई वजा केली तरी गोम तीच. डबल लाईनची जागा होती, जुने पूल त्या रुंदीचे होते. 2008 मध्ये बंद लाईनवर कुणाचाही खोळंबा न करता जे काम झालं असतं, ते नंतर चालत्या लाईनवर ब्लॉक घेऊन, बसेस लावून करावं लागलं. पण मी तेव्हा त्या टेबलावर असतो तर काय केलं असतं? 3 कोटींचाच प्रस्ताव पुढे रेटला असता. 6-7 कोटींचा मांडला असता तर तो फेटाळला गेला असता आणि आज तिथे झुडपं असती. स्वस्तात उघडणं ही चूक होती आणि तोच एक मार्गही होता.

गाडीने एबू व्हेलचं भलं झालं का, असं लोक मला विचारतात. माझं मत थोडं कडू आहे. कारखान्याच्या जागी तशी नोकरी आली नाही. गाडी सकाळी माणसं भरून खाली नेते, संध्याकाळी वर आणते. कॉलेजला जाणाऱ्या पोरांना आणि कार्डिफच्या दुकानांत, ऑफिसांत काम करणाऱ्यांना गाव सोडावं लागत नाही, हा फायदा खरा. पण एकेकाळी ही लाईन बाहेरून खनिज आत आणायची आणि पोलाद बाहेर पाठवायची. आता ती माणसं बाहेर पाठवते. क्वम, क्रम्लिन, अ‍ॅबरकार्न या गावांना तर तेही नाही. गाडी त्यांच्या अंगणातून जाते आणि थांबत नाही, कारण प्रत्येक थांबा म्हणजे दोन मिनिटं, आणि ती 48 च्या गणितात मिळवायला जागा नव्हती.

न्यूपोर्टला राहताच आहात तर एखाद्या रविवारी जाऊन या. उजव्या खिडकीशी बसा. न्यूब्रिज सोडल्यावर क्रम्लिन येईल. दोन्ही उतारांवर त्या उंच पुलाचे दगडी टेकू अजून आहेत, मध्ये नुसतं आकाश. मग लॅनहिलेथ. त्याच्या पुढे गाडी डावीकडे वळायला लागली की उजव्या हाताला दुसरी दरी उघडताना दिसेल. ती अ‍ॅबरटिलेरीची.